एक जूनच्या दोन बहिणी

नगरहून पुणं एसटीनं तीन तासांवर. एवढ्याशा अंतराला प्रवास म्हणायचं का, असं नोएलनं फोनवर विचारलं, आणि तिथे बघण्यासारखं काय आहे, असं रूथनं मागून विचारलं. टोरांटोहून पाहिलं तर नगर आणि पुणं नकाशावर एकाच बोटाखाली झाकली जातात, हे मला मान्य आहे. पण मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि त्या दहा दिवसांत मला जे करावं लागलं, ते आधी कधी करावं लागलं नव्हतं. म्हणून क्रमानं लिहिते. नोएल, रूथ, आईला हे मोठ्यानं वाचायला सांगा. अडलेले शब्द तिनं समजवावेत. तिचं मराठी मीच घासून घेतलेलं आहे.

आमच्या चर्चच्या महिला मंडळानं ईस्टरनंतर पुण्याला सेवेसाठी जायचं ठरवलं. कर्वेनगरमध्ये मिशनचं मुलींचं एक बालगृह आहे. आईवडील नसलेल्या, किंवा रस्त्यावर वाढलेल्या मुली तिथे राहतात. आम्ही सहाजणी निघालो. निघण्याआधी मी दहा दिवसांचं वेळापत्रक आखलं आणि प्रत्येकीला एकेक प्रत दिली. मार्थानं, म्हणजे मंडळाचा सगळा स्वयंपाक जिच्या हातात आहे त्या माझ्या जुन्या मैत्रिणीनं, आपली प्रत एसटीतच चिवड्याच्या डब्याखाली घातली. डब्याला तेल सुटतं, असं कारण दिलं.

कर्वेनगर

बालगृह एका शांत गल्लीत आहे. दोन्ही बाजूंना सोसायट्या, समोर मुलांची अभ्यासिका, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान. सकाळी साडेपाचला सोसायटीतली माझ्या वयाची माणसं पायात बूट चढवून टेकडीवर निघालेली दिसत. नगरमध्ये या वयाची माणसं त्या वेळी ओट्यावर बसून चहाची वाट पाहतात.

अधीक्षिका पल्लवीताई तिशीतल्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं त्याहून घट्ट. आम्ही चहा घेईपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "आपण प्रार्थना आपल्या खोलीत करा. मुलींना अभ्यास द्या, खेळ द्या, केसांना तेल लावून द्या. देव द्यायचा नाही. नियम आहे, आणि मला तो पटतो."

मला जरा लागलं. मार्था म्हणाली, "आम्ही कुठे देव पिशवीतून आणलाय बाई. पिशवीत मसाला आहे."

तो मसालाच पहिल्या दिवशी भोवला. मार्थानं आपल्या पद्धतीचा रस्सा केला, कांदा-खोबरं भाजून, नगरच्या तिखटाला शोभेल असा. पहिल्या पंगतीतल्या मुली दोन घासांत उठून पाण्याच्या पिंपाकडे पळाल्या. इथल्या स्वयंपाकघरात पोह्यातही साखर पडते, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मार्थानं ते पोहे खाल्ले आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. रात्री मात्र मोठ्या मुलींचं शिष्टमंडळ आलं: तो रस्सा पुन्हा करा, फक्त अर्ध्या तिखटाचा.

माझं वेळापत्रक तिसऱ्या दिवशी संपलं. "सकाळी ९ ते १०, इंग्रजी वाचन" असं मी लिहिलं होतं; नऊ वाजता निम्म्या मुलींचे केस ओले होते आणि उरलेल्या त्यांच्या उवा काढत होत्या. तेव्हा मीही फणी घेतली. उवा काढता काढता स्पेलिंग विचारता येतं, हे मी शाळेत तीस वर्षं घालवूनही शिकले नव्हते.

मार्केट यार्ड

सोमवारपासून पल्लवीताईंबरोबर आम्ही मार्केट यार्डात जायला लागलो. तिथे दर दिवशी सकाळी अकरा वाजता एका बंद गाळ्याच्या धक्क्यावर रस्त्यावरच्या मुलांचा वर्ग भरतो. अकराच का, तर तोवर पहाटेचे लिलाव उरकलेले असतात, टेम्पो निघून गेलेले असतात, आणि ज्या मुलांना सांडलेला भाजीपाला वेचायचा असतो त्यांचा वेचून झालेला असतो. घंटा आमच्या सोयीनं नाही, बाजाराच्या सोयीनं होते.

तुम्ही भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात बघता. इथे कोथिंबिरीच्या जुड्यांचा डोंगर असतो, बाजूला कांद्याच्या गोण्यांची भिंत, आणि मधून हमाल डोक्यावर पोतं घेऊन "साइड, साइड" करत धावत जातो. मी मुख्याध्यापिकेच्या चालीनं मधोमध चालत होते. एका हमालानं थांबून मला सांगितलं, "आजी, आपण उभ्या राहा, मी पोतं फिरवून नेतो. दोघं चाललो तर एकाला पडावं लागेल." इतक्या सभ्यपणे मला बाजूला व्हा असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

धक्क्यावर वीसेक मुलं होती. त्यांत दोन बहिणी. थोरली रेणुका, दहा वर्षांची, धाकटी दुर्गा. रेणुका पाढे म्हणत असताना तिच्या एका हाताची मूठ दुर्गाच्या फ्रॉकच्या मागच्या नाडीला धरलेली असे. पाढा संपला तरी सुटत नसे.

त्यांचा बाप फार पूर्वी गेला. आई बाजारातच कांदा निवडायची. ती मागच्या दिवाळीच्या सुमारास कावीळ होऊन गेली. तेव्हापासून शेजारच्या झोपडीतल्या पारूबाईनं दोघींना सांभाळलं होतं. पारूबाई मूळची परभणीकडची, लसूण सोलून पोट भरणारी. तीन वर्षांपूर्वी पुण्यात आली, तेव्हा या मुलींच्या आईशी तिची ओळख झाली. आता गावाकडे तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता, आणि लेकानं तिला बोलावून घेतलं होतं. शनिवारची गाडी होती. लसणाच्या पाकळ्या हातातून न थांबवता ती पल्लवीताईंना म्हणाली, "मीच आता लेकाच्या भाकरीवर जानार. या दोघींना कुठं नेऊ? तुमच्याकडं घ्या."

पल्लवीताईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. घेणं आपल्या हातात नसतं. मुलींना बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं आणि कोणती मुलगी कुठे राहील ते समिती ठरवते. कर्वेनगरचं बालगृह सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींसाठी आहे. त्याहून लहान मूल असेल तर ते शिशुगृहात जातं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. रेणुका तिथेच बसून ऐकत होती. मी पेन्सिली मोजत होते.

पारूबाईला आणखी एक विचारायचं होतं, आणि ते तिनं आमच्याकडे बघून विचारलं. "तुमी त्येंची नावं बदलणार का?"

"आमचीच कुणी बदलली नाहीत," मार्था म्हणाली. "मी मार्था, पाठची शेवंता, धाकटा पांडुरंग. तिघंही एकाच चर्चात जातो."

पारूबाई पहिल्यांदा हसली. मंगळवारी ती दोघींना घेऊन कर्वेनगरला आली, एका पिशवीत दोन फ्रॉक आणि आईचा एक फोटो घेऊन.

मंगळवार: एक फॉर्म

आता जी चूक सांगते ती माझी आहे.

दोघींचे फॉर्म भरायचे होते. पल्लवीताई फोनवर होत्या, माझं अक्षर चांगलं, म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे दिले. पारूबाई परत बाजारात गेली होती. मी रेणुकाला विचारलं, तुझं वय काय. दहा. दुर्गाचं? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, सहा. जन्मतारीख? माहीत नाही.

माझ्या हातानं विचार न करता लिहिलं: १ जून. दोघींपुढेही. दुर्गाचं साल असं धरलं, की जूनमध्ये तिला सात पूर्ण होतील.

तुम्हाला हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते. आमच्या पिढीत घरी जन्मलेल्या मुलांची तारीख कुणी लिहून ठेवत नसे. मूल शाळेत आणलं, की मास्तर उंचीकडे बघत आणि एक जून ही तारीख टाकून देत, कारण शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि मूल त्या दिवशी बरोबर वयात बसे. तुमचे आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि एक बहीण, चौघंही कागदावर एक जूनचे. मी स्वतः मुख्याध्यापिका असताना अशा कित्येक तारखा लिहिल्या. त्यानं कुणाचं नुकसान झालं नाही, उलट मुलं शाळेत आली. त्यामुळे ही खोटी तारीख आहे असं मला कधी वाटलंच नाही. ती मला रिकामी जागा भरण्याची रीत वाटायची.

बुधवार: समितीपुढे

समितीच्या अध्यक्षबाई साठीच्या, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी," त्या म्हणाल्या. "यांच्या आईनं फार सोयीनं काम केलेलं दिसतं."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"हे आपण भरलंत का? आपण शिक्षिका?"

"मुख्याध्यापिका होते," मी म्हणाले.

"वाटलंच."

आठवी-नववीच्या मुलींना मी अशाच आवाजात बोलत असे. पलीकडच्या बाजूला बसल्यावर तो कसा लागतो, हे त्या दिवशी कळलं. अध्यक्षबाईंनी पुढे शांतपणे सांगितलं, की थोरलीचा प्रश्न नाही, पण धाकटी त्यांना सहाची वाटत नाही. शुक्रवारच्या बैठकीपर्यंत वयाचा खरा पुरावा आला नाही, तर तिला शिशुगृहात पाठवायचं. आणि अशी तारीख टाकलेला फॉर्म बालगृहाच्या नावानं पुन्हा आला, तर त्या संस्थेला लेखी विचारतील.

बाहेर जिन्यात पल्लवीताई फाइल धरून पुढे उतरल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रेणुका दुर्गाची नाडी धरून एकेक पायरी उतरत होती. मी तिथेच ठरवलं, की शुक्रवारपर्यंत हे काम माझं.

गुरुवार: गुलटेकडी

सकाळी सात वाजता मी आणि मार्था गुलटेकडीला, म्हणजे मार्केट यार्डाच्याच भागात, निघालो. पहिल्या रिक्षावाल्यानं मार्केट यार्ड ऐकून मान हलवली, दुसऱ्यानं मानही हलवली नाही. बसनं गेलो आणि मी घाईत एक थांबा आधीच उतरले. मार्था बसमध्येच राहिली. पुढच्या थांब्यावर ती माझी वाट पाहत उसाचा रस पीत होती.

जिथे दुर्गा जन्मली असं रेणुका सांगत होती, त्या प्रसूतिगृहात आधी गेलो. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, अर्ज करा, आईवडिलांची ओळखपत्रं जोडा, आठ-पंधरा दिवस लागतील. दोघंही वारली आहेत असं मी सांगितलं. मग मृत्यूचे दाखले जोडा, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं.

मग पारूबाईकडे गेलो. ती सामान बांधत होती. पोरीचा जन्म तिच्या येण्याआधीचा, तिला साल माहीत नव्हतं. पण वस्तीतली अंगणवाडी तिनं दाखवली. "ताईनं समद्यांची वजनं लिवल्याली अस्त्यात," ती म्हणाली.

अंगणवाडीला कुलूप. सेविका सर्वेक्षणाला गेलेली, केव्हा येईल ते कुणालाच माहीत नाही. आम्ही पायरीवर बसलो. एप्रिलचं ऊन वर आलं तशा पायरीच्या सावलीबरोबर सरकत गेलो. शेजारणीनं पाणी दिलं, मग चहा दिला, मग मार्थाला तिखटाचं प्रमाण विचारलं. दोन वाजता सेविका आली. आमचं ऐकून म्हणाली, आता सगळं फोनवर असतं, जुनं पेटीत टाकलंय. पेटी कपाटाच्या वर. पेटीवर लिहायचे फुटके फळे. आम्ही तिघींनी ते उतरवले.

कोरोनाच्या वर्षाचं रजिस्टर मधोमध सापडलं. त्या वर्षी सेविका तोंडाला रुमाल बांधून, वजनकाटा पिशवीत घालून झोपडी-झोपडीत जात होती, म्हणून तिचं अक्षर प्रत्येक ओळीत निराळं होतं. कधी उभ्यानं लिहिलेलं, कधी गुडघ्यावर. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, आईच्या नावापुढे: नवजात मुलगी, वजन दोन किलो तीनशे. मुलीचं नाव लिहायची जागा कोरी. शेवटच्या रकान्यात आहाराचं पाकीट मिळाल्याबद्दल आईचा अंगठा.

मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. दुर्गाला सहा पूर्ण व्हायला चार महिन्यांहून जास्त बाकी होते.

मार्था हळूच म्हणाली, "पेटी परत वर ठेवूया का?"

ती चेष्टा करत नव्हती. आणि मी लगेच नाही म्हणाले नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. मी त्या अंगठ्याकडे बघत बसले. त्या बाईनं खरं तेवढं सांगून अंगठा उठवला होता. त्या पोरीबद्दलची जगातली एकच खरी नोंद तिथे होती, आणि ती मी झाकली असती तर उरली असती ती माझी. मी सेविकेला नक्कल मागितली. तिनं सही-शिक्का करून दिली.

संध्याकाळी अंगणात रेणुकाला बाजूला घेतलं आणि दुर्गा पाच वर्षांची आहे, असं तिला सांगितलं.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"मग सहा का सांगितलंस?"

"ताईंनी मावशीला सांगितलेलं ऐकलं मी. सहाच्या आतली दुसरीकडे जाते." मग माझा पदर धरून म्हणाली, "आजी, तुम्ही नका ना सांगू. त्या बाईंना काय कळणारे."

मी तिच्यासमोर खाली बसले. या वयात मला ते सोपं नाही. मी म्हणाले, "मी खरं सांगणार आहे. पण तुम्हाला दोघींना वेगळं होऊ देणार नाही. ही दोन्ही कामं माझी." तिला ते पटलं नाही. रात्री ती जेवली नाही, आणि माझ्याशी बोलली नाही.

शुक्रवार

पहाटे उठून मी पल्लवीताईंना विचारलं, दुर्गाला इथे ठेवायला नेमकी अडचण काय. त्या म्हणाल्या, सहाच्या आतल्या मुलाजवळ चोवीस तास एक बाई लागते, आणि ती बाई आमच्याकडे नाही. तेवढंच? तेवढंच.

मी वही घेतली, रेघा आखल्या. त्या शुक्रवारपासून दुर्गाला सहा पूर्ण होईपर्यंत एकोणीस आठवडे. प्रत्येक आठवड्यापुढे मंडळातल्या एका बाईचं नाव. आमच्यात अंग हलवू शकणाऱ्या बाराजणी. काहींची नावं दोनदा आली. माझं दोनदा.

अध्यक्षबाईंपुढे मी आधी नक्कल ठेवली आणि उभं राहून सांगितलं, की फॉर्ममधली तारीख मी मनानं टाकली होती, संस्थेचा त्यात दोष नाही, मुलगी पाच वर्षांची आहे. मग वहीचा कागद ठेवला.

त्यांनी नक्कल दोनदा वाचली. "म्हणजे आपण दिवसभर फिरून आपल्याच विरुद्धचा पुरावा आणलात."

"खरा होता तोच आणला."

"आणि हे काय?"

मी सांगितलं. या काळात एकही रात्र मुलगी एकटी राहणार नाही. बहिणी एका छताखाली राहाव्यात, एवढीच विनंती. त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "या सगळ्यांना विचारलंय?"

मागून मार्था म्हणाली, "मला नाही विचारलं."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"पण पहिला आठवडा मलाच द्या," मार्था म्हणाली. "मी इथेच आहे, आणि नगरला उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येतं."

आत सल्लामसलत व्हायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मी कर्वेनगरला थांबलेल्या आमच्या चौघींना आणि नगरच्या सहाजणींना फोन केले. दोघींनी आधी नाही म्हटलं. एकीला मी पुन्हा फोन केला, दुसरीच्या जागी तिची सून आली. परत बोलावलं तेव्हा यादी पक्की होती. अध्यक्षबाई लिहिता लिहिता बोलल्या. भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत, असंच कायद्याला वाटतं. दोघींनाही कर्वेनगरच्या बालगृहात ठेवावं, सोबतच्या बाईची रोज नोंद व्हावी, दर महिन्याला अहवाल यावा. एक दिवस जरी खाडा झाला तरी आदेश रद्द. सही केल्यावर त्यांनी मान वर केली. "आणि फॉर्म आता दुसरं कुणीतरी भरा."

शनिवारी पारूबाई गाडीला जाण्याआधी येऊन गेली. दोघींच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, आणि मार्थाला अर्धी पिशवी सोललेला लसूण दिला.

यादी

आम्ही पाचजणी नगरला निघालो त्या दुपारी रेणुका जिन्याच्या पायरीवर बसली होती. शुक्रवारपासून ती माझ्याशी बेतानंच बोलत होती. मला म्हणाली, ती यादी दाखवा. माझ्याकडची प्रत मी दिली. ती वाचायला लागली, एकेक नाव मोठ्यानं, दुर्गाला ऐकू जाईल असं, आणि प्रत्येक नावापाशी थांबून मला विचारत गेली. ही कोण? ही रागावते का? हिला गोष्टी येतात का? मी प्रत्येकीबद्दल खरं तेच सांगितलं. ही घोरते. हिच्या हातचे लाडू चांगले. हिला कमी ऐकू येतं, जवळ जाऊन बोलायचं.

चौथ्या ओळीपाशी ती थांबली. "ही रागावते?"

"थोडी रागावते," मी म्हणाले. "ती मीच."

दुर्गा हसली. रेणुका हसली नाही, पण पुढे वाचत गेली. एकोणिसाव्या नावाखाली बोट ठेवून तिनं विचारलं, "आणि याच्यानंतर?"

"याच्यानंतर ती सहाची. मग कुणी लागत नाही."

तिनं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो फ्रॉकच्या खिशात ठेवला. मी हात पुढे केला होता, तो तिनं पाहिलाच नाही. बस सुटायला वीस मिनिटं होती. मी पुन्हा वही काढली, रेघा आखल्या आणि दुसरी प्रत लिहायला घेतली.